टायमरची हाक

एका गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिची पातळी दर मिनिटाला तपासावी व ती खालावताच पंप सुरू करावा, असा प्रोग्राम जावा या संगणकभाषेत लिहावयाचा आहे. टाकीची माहिती ‘टाकी’ या क्लासमध्ये ठेवलेली असून पातळी पाहण्याचे काम त्यातील ‘तपासा’ ही मेथड करते. या मेथडला दर मिनिटाला हाक कोणी द्यावी, एवढाच प्रश्न उरतो.

हे काम टायमर या क्लासकडे सोपवता येते. जावाच्या २००० साली आलेल्या १.३ या आवृत्तीपासून तो उपलब्ध आहे. मात्र टायमरला टाकी ठाऊक नसते. त्याला फक्त टायमरटास्क या प्रकारचे काम समजते आणि त्यातील ‘रन’ ही एकच मेथड तो वेळ झाली की चालवतो. म्हणून टायमरटास्कवर आधारलेला एक छोटा क्लास लिहून त्याच्या ‘रन’मधून ‘तपासा’ला बोलवावे लागते. कालावधी मिलिसेकंदांत सांगावयाचा असतो. एक मिनिट म्हणजे ६०,०००.

नवशिका बहुधा येथेच फसतो. तो ‘रन’च्या आत ‘न्यू’ लिहून नवीच टाकी निर्माण करतो. प्रोग्राम चालतो, चूक दाखवली जात नाही. पण तपासणी होते ती या नव्या टाकीची. गच्चीवरील टाकी रिकामी होत असली तरी पंप काही सुरू होत नाही. रखवालदाराला आपल्या घराचा पत्ता द्यावयाचा असतो. त्याने नवे घर बांधून त्याचे दार ठोठावणे अपेक्षित नसते! यासाठी आधीच अस्तित्वात असलेल्या टाकीचा संदर्भ त्या छोट्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये द्यावा व ‘रन’ने तोच वापरावा.

आणखी एक धोका आहे. एका टायमरची सर्व कामे एकाच थ्रेडवर, एकामागून एक चालतात. पातळी मोजणारे उपकरण बिघडून ‘तपासा’मध्ये एक्सेप्शन उद्भवले आणि ते ‘रन’मध्ये हाताळले नाही, तर तो थ्रेडच संपतो व त्या टायमरवरील इतर कामेही थांबतात. २००४ सालच्या पाचव्या आवृत्तीत आलेल्या शेड्यूल्ड एक्झिक्युटरमध्ये इतर कामे चालू राहतात. परंतु बिघडलेले काम पुन्हा होत नाही. तेव्हा ट्राय-कॅच दोन्हीकडे हवेच. काम संपल्यावर टायमर ‘कॅन्सल’ने थांबवावा, अन्यथा बाकी सारे आटोपले तरी प्रोग्राम चालूच राहतो.