वेळेवर मोकळीक : सिगालोवाद सुत्तातील 'वोस्सग्ग'

नोकरी आणि संसार यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न केवळ आजचा नाही. गृहस्थांचा विनय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिगालोवाद सुत्तात (दीघनिकाय, 31) त्याचा विचार आलेला आहे. राजगृह येथे तथागतांनी सिगाल या तरुणास सहा दिशांचा नवा अर्थ सांगितला. त्यांत पश्चिम दिशा म्हणजे पत्नी व मुले, आणि खालची दिशा म्हणजे दास व कामकरी.

या दोन्ही दिशांसंबंधीच्या कर्तव्यांत एक पालि शब्द समान आहे : 'वोस्सग्ग', म्हणजे सोडणे, हाती सोपविणे. मालकाच्या पाच कर्तव्यांपैकी शेवटचे 'समये वोस्सग्ग', म्हणजे वेळेवर मोकळीक. अट्ठकथा तिचे दोन प्रकार सांगते. दिवसभर राबून कामकरी थकतात, म्हणून वेळ ओळखून त्यांना रोज सोडावे. आणि सणाच्या दिवशी खाद्यपदार्थ वगैरे देऊन सोडावे. म्हणजेच विश्रांती ही मेहरबानी नसून मालकाचे देणे होय.

परमपूज्य बाबासाहेबांनी मजूर सदस्य या नात्याने 1946 मध्ये कारखान्यांतील आठवड्याचे 54 तास 48 वर आणणारे विधेयक मांडले. त्यामागे हेच तत्त्व दिसते.

1998 मध्ये स्वतंत्र झालेल्या आपल्या वाशिम जिल्ह्याकडे पाहू. सरकारी कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. परंतु रुग्णालयातील परिचारिका, एस. टी.चा वाहक, कारंजा-रिसोडच्या बाजारपेठेतील दुकानाचा वा उपाहारगृहाचा नोकर यांना तो लाभ नाही. दुकाने व आस्थापनांसाठीच्या 2017 च्या राज्य कायद्यातील कामाच्या तासांची बंधने लहान दुकानांना लागू नाहीत. तेथे मालकाचा विवेक हाच कायदा ठरतो.

दुसरा वोस्सग्ग घरातील आहे. पतीच्या पाच कर्तव्यांत 'इस्सरियवोस्सग्ग', म्हणजे अधिकार सोपविणे, हे एक आहे. अट्ठकथाकारांनी पत्नीच्या हाती पळी देऊन स्वयंपाकघर सोपविणे, एवढाच त्याचा अर्थ घेतला. आज पत्नीही कामावरून थकून येते. तिच्या हाती नुसती पळी दिली, तर अधिकार नव्हे, आणखी एक पाळी सोपविली जाते. तिच्या पगाराचा निर्णय तिच्या हाती असावा आणि पळी अधूनमधून पतीनेही घ्यावी.

मालकाने वेळ सोडावी, पतीने सत्ता सोडावी. ज्या उपासकाचे दुकान आहे व ज्याचे घर आहे, त्याने याचा आरंभ आपल्यापासून करावा.