प्रश्नपेटीतील चिठ्ठ्या

आमच्या शाळेत आठवीच्या वर्गाबाहेर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवलेला आहे. त्याच्या झाकणाला आम्हीच फट पाडली. मुलांनी नाव न घालता प्रश्न लिहावा, चिठ्ठी डब्यात टाकावी आणि शनिवारच्या शेवटच्या तासाला आम्ही ती सर्वांसमक्ष वाचून उत्तर द्यावे, असा शिरस्ता. वयात येणे, शरीरसंबंध, एच.आय.व्ही. हे विषय आले की पुष्कळ शिक्षक 'हे पान घरी वाचा' म्हणून पुढे सरकतात. आम्हीही अनेक वर्षे तेच केले.

चिठ्ठ्यांत सर्वांत अधिक वेळा येणारा प्रश्न डासाचा. मलेरिया पाहिलेल्या गोव्यात तो स्वाभाविकच म्हणावयाचा. चावताना डास आपली लाळ सोडतो, आधी दुसऱ्याचे शोषलेले रक्त नव्हे. शिवाय मलेरियाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात तसा एच.आय.व्ही. वाढत नाही, तो तेथे पचून जातो. फळ्यावर आकृती काढून एवढे सांगितले की डासाची भीती जाते. मग ताट, पेला, शौचालय, खोकला, हस्तांदोलन यांची पाळी येते. यांपैकी कशानेही हा विषाणू पसरत नाही. तो पसरतो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, दुसऱ्याने वापरलेल्या सुईतून आणि बाधित मातेकडून गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी वा स्तनपानातून बाळाला. वर्गात आम्ही 'निरोध' हा शब्द प्रथम उच्चारला तेव्हा मागील बाकांवर खसखस पिकली. ती पिकू दिली आणि मग पुढे बोललो. एका चिठ्ठीत जत्रेतल्या गोंदणाविषयी विचारले होते. हा प्रश्न आम्हांला सुचला नसता. एकच सुई अनेकांना टोचली जात असेल तर तेथे धोका खराच आहे.

वाचकहो, या रोगाच्या भयाचा एक अध्याय आमच्या गोव्यातच लिहिला गेला. रक्तदान करणाऱ्या डॉमनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात हा विषाणू आढळला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला उचलून नेले. क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळात त्याला ६४ दिवस एकटे ठेवण्यात आले. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याच्या आईने उच्च न्यायालयात धाव घेतली. त्याची सुटका झाली, पण अलग ठेवण्याची तरतूद न्यायालयाने वैध ठरविली. १९९२ मध्ये तो वारला. तत्पूर्वी त्याने बाधितांसाठी संस्था उभारण्याचे काम हाती घेतले होते. आम्ही त्या वेळी महाविद्यालयात शिकत होतो. वर्तमानपत्र वाचून 'बरे झाले, कोंडला ते' असे आम्ही म्हटले होते, हे आज लपवून काय उपयोग?

पुस्तके वाचून माणूस शहाणा होतोच असे नाही. २०१४ मध्ये आम्ही एका गावच्या शाळेत वर्गशिक्षक होतो. सातवीतील एका मुलीची आजी एके दिवशी दाराशी आली. "मास्तर, दर महिन्याला हिला औषधाला न्यावं लागतं, त्या दिवशी रजा द्या," म्हणाली, आणि औषध कशाचे तेही तिने सांगितले. मुलीला हा आजार जन्मतःच आईकडून आलेला. आईवडील दोघेही गेलेले. आम्ही रजा दिली. आणि दुपारी चहा घेताना एका सहकाऱ्याला, अगदी विश्वासाने, सारे सांगितले.

आठवड्याच्या आत गावभर झाले. माध्यान्ह आहाराच्या वेळी तिचा पाव वेगळ्या कागदावर येऊ लागला. काही पालकांनी तिला निराळे बसविण्याची मागणी केली. आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना बोलावून आम्ही पालकसभा घेतली. दोन तास समजूत घातली. काही पालकांना पटलेही. पण तोवर आजीने मुलीला दुसऱ्या गावी, मावशीकडे धाडले होते. एच.आय.व्ही. बाधितांच्या हक्कांचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून कोणाचा आजार उघड करण्यास आणि शाळेत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे. आमच्या हातून चूक घडली तेव्हा हा कायदा नव्हता; पण जीभ आवरण्यासाठी कायदा लागावा, ही शिक्षकाला शोभणारी गोष्ट नव्हे.

लैंगिक शिक्षणाचे आपल्याकडे वावडे जुनेच. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढले आणि अश्लीलतेचे खटले सोसले. त्यानंतर ८० वर्षांनी, २००७ मध्ये, महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश इत्यादी राज्यांनी किशोरांच्या शिक्षणाचा असाच एक कार्यक्रम अडविला. संस्कृती बिघडेल, हे कारण. आमच्या डब्यातील चिठ्ठ्या त्या मंडळींनी एकदा वाचाव्यात, असे आम्हांला राहून राहून वाटते. मुलांना ऐकीव माहिती पुष्कळ असते. खरी तेवढी नसते.

दरम्यान वैद्यक पुढे गेले आहे. २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधे विनामूल्य मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला होत नाही. बाधित मातेने वेळीच उपचार घेतले तर बाळ बहुधा निरोगी जन्मते. हे वर्गात सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, "मग लोक अजून का घाबरतात?" आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही.

ती मुलगी गेल्या वर्षी जुन्या दाखल्यासंबंधी भेटायला आली. आता नोकरी करते. आम्ही तिची क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, गोळ्यांचं काही वाटलं नाही. तो पाव कागदावर द्यायचे, ते अजून आठवतं." व्हरांड्यातील डबा कशाचा, असे तिने जाताना विचारले, आम्ही सांगितले.

त्या शनिवारी डब्यात एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतल्या सात डासाच्या होत्या.