सुपीरिअर सरोवराने गिळलेले जहाज

वाचकहो, तळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? काठावर धुणे बडवणाऱ्या बाया, पाण्यात डुंबणारी म्हसरे, फार तर एखाद्या कोळ्याची होडी. अशा तळ्यात २२२ मीटर लांबीचे पोलादी जहाज एकोणतीस माणसांसह बुडाले, असे कुणी सांगितले तर तुम्ही हसाल. पण ही गोष्ट अगदी खरी आहे.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर सुपीरिअर नावाचे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याचा पसारा सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहूनही मोठा! सर्वांत खोल जागी ४०० मीटरहून अधिक पाणी. नोव्हेंबर महिना लागला की तिथे वादळे उठतात आणि गोड्या पाण्याचे हे सरोवर समुद्रासारखे खवळते.

या सरोवराच्या आसपासच्या भागात लोखंडाचे खनिज सापडते. टॅकोनाइट नावाच्या कठीण दगडाचा भुगा करायचा, लोहचुंबकाने त्यातले लोह वेगळे काढायचे, त्यात माती मिसळून मुलांच्या खेळण्यातल्या गोट्यांएवढ्या गोळ्या वळायच्या आणि भट्टीत भाजायच्या. या गोळ्या जहाजांत भरून खालच्या सरोवरांकाठच्या पोलाद कारखान्यांना पोचवतात. ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे याच कामावरचे जहाज. १९५८ साली मिशिगनमध्ये ते पाण्यात उतरले, तेव्हा त्या सरोवरांवर त्याच्याएवढे मोठे दुसरे जहाज नव्हते. एका विमा कंपनीने ते बांधून घेतले होते आणि कंपनीच्या अध्यक्षांचेच नाव त्याला दिले होते.

९ नोव्हेंबर १९७५. दुपारी सव्वादोनच्या सुमारास विस्कॉन्सिनमधील सुपीरिअर बंदरातून जहाज निघाले. पोटात २६ हजार टनांहून अधिक टॅकोनाइट आणि जायचे होते डेट्रॉइटजवळच्या पोलाद कारखान्याकडे. कप्तान अर्नेस्ट मॅकसॉर्ली त्रेसष्ट वर्षांचे, उभा जन्म पाण्यावर काढलेले. थोड्या अंतराने ‘आर्थर अँडरसन’ हे दुसरे मालवाहू जहाजही त्याच वाटेने चालले होते.

त्याच संध्याकाळी हवामान खात्याने वाऱ्याचा इशारा दिला आणि रात्री दोनच्या सुमारास तो वाढवून वादळाचा केला. दोन्ही कप्तानांनी विचार करून उत्तरेची वाट धरली. कॅनडाच्या किनाऱ्याचा आडोसा मिळेल, हा त्यामागचा हिशेब. परंतु दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला आणि तो आडोसा उरला नाही.

साडेतीनच्या सुमारास मॅकसॉर्ली यांनी बिनतारी यंत्रावरून अँडरसनला कळवले, की डेकवरचे कठड्याचे तार तुटले आहेत, हवा जाण्याच्या दोन नळ्यांची झाकणे गेली आहेत आणि जहाज एका बाजूला कलले आहे. पाणी उपसणारे पंप चालूच होते. पुढे दोन्ही रडार बंद पडली. व्हाइटफिश टोकावरचा वाट दाखवणारा बिनतारी संकेतही त्या संध्याकाळी बंद होता. म्हणजे ते जहाज काळोखात, हिमवर्षावात, मागून येणाऱ्या अँडरसनच्या नजरेच्या आधाराने चालले होते. लाटा दहा-दहा मीटर उंच उसळत होत्या.

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अँडरसनवरून विचारणा झाली, ‘तुमच्या अडचणीचे कसे काय?’ उत्तर आले, ‘आम्ही तग धरून आहोत.’ तेच शेवटचे शब्द. काही मिनिटांतच फिट्झजेराल्ड रडारवरून दिसेनासे झाले. मदतीसाठी हाक आली नाही. एकोणतीस जणांपैकी एकही वाचला नाही.

अँडरसन त्या वेळी व्हाइटफिश खाडीच्या आसऱ्याला पोचले होते. तरीही शोधासाठी ते पुन्हा त्याच वादळात परतले. हाती लागल्या त्या रिकाम्या जीवरक्षक होड्या. पुढे सुमारे १६० मीटर खोल पाण्यात, कॅनडाच्या हद्दीत, जहाजाचे दोन तुकडे सापडले.

मग जहाज बुडाले कशाने? यावर आजही एकमत नाही. तटरक्षक दलाच्या १९७७ च्या अहवालानुसार मालखणांची झाकणे नीट बसलेली नसावीत आणि त्यांतून हळूहळू पाणी आत शिरले असावे. दुसऱ्या सरकारी मंडळाचे मत, लाटांच्या तडाख्याने एखादे झाकणच फुटले. जहाज कंपन्यांच्या संघटनेने दोन्ही मते नाकारली. कॅरिबू बेटाजवळच्या उथळ खडकाला जहाजाचा तळ घासला असावा, असे तिचे म्हणणे. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जहाज बांधले तेव्हाच्या मानाने अधिक माल भरण्याची मुभा पुढे नियमांनी दिली होती, त्यामुळे पाण्यावर राहणारी त्याची बाजू जवळजवळ एक मीटर कमी झाली होती. बैलगाडीवर दोन पोती जास्त टाकली म्हणजे चढणीला बैलांची काय दशा होते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

या अपघाताने पुढच्यांना शहाणपण दिले. थंड पाण्यात तग धरण्याचे खास पोशाख, पाण्याची खोली मोजणारी यंत्रे, आपोआप संकेत देणारी उपकरणे आणि भाराचे कडक नियम आले. तेव्हापासून त्या सरोवरांवर एवढे मोठे मालवाहू जहाज बुडालेले नाही.

१९९५ च्या जुलैत मृतांच्या नातेवाइकांच्या इच्छेनुसार जहाजाची घंटा वर काढली आणि तिच्या जागी एकोणतीस नावे कोरलेली दुसरी घंटा ठेवली. मूळ घंटा आज व्हाइटफिश टोकावरच्या संग्रहालयात आहे. दर वर्षी १० नोव्हेंबरला ती एकोणतीस वेळा वाजते. मग तिसाव्यांदा वाजते, ती सरोवरांनी आजवर गिळलेल्या सर्वांसाठी.

वाचकहो, ‘तग धरून आहोत’ असे सांगणारा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला तसे खरोखरच वाटत असते. आपणही अडचणीच्या काळात शेजाऱ्याला हेच सांगतो. म्हणून ज्याने विचारले त्याने एवढ्यावर समाधान मानू नये, आणखी एकदा विचारावे. आणि आपले कठडे तुटले असतील, तर आपणही वेळीच हाक मारायला लाजू नये.