पाण्याखालचा झाडू थांबतो तेव्हा

पावसाळा सरला की लोणावळ्याच्या बंगल्यांमधून मला फोन येऊ लागतात. "दादा, स्विमिंग पूलचा तळ साफ करणारं मशीन जागचं हलत नाही!" मशीनच गेलं, असं बहुतेकांना वाटतं. मी आधी मशीनकडे बघतच नाही.

दक्षिण आफ्रिकेत 1974 साली फर्डिनांड शोव्हिए या इंजिनिअरने हा प्रकार शोधला. या मशीनला ना मोटर, ना वायर. सगळी हालचाल पंपाच्या ओढीवर. म्हणून आधी ओढ तपासायची. पाइप मशीनपासून सोडवा आणि त्याचं तोंड पाण्याखालीच ठेवून क्षणभर तळहात लावा. त्या वेळी मुलांना अजिबात जवळ येऊ देऊ नका. हात खेचला गेला नाही, तर दोष मागे आहे: जाळीत पानं, तुंबलेला फिल्टर, नाहीतर पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्याखाली.

परवा जाळ्या स्वच्छ होत्या, तरी पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे नाचत होते. कुठूनतरी हवा शिरत होती. तरंगत्या पाइपचा एकेक जोड पाण्यात दाबत गेलो. तिसरा जोड बुडवताच बुडबुडे ओसरले. तिथे केसाएवढी चीर होती! तुकडा बदलला, पाइप पाण्याने पूर्ण भरून जोडला.

ओढ चांगली असूनही मशीन ढिम्म असेल, तरच पंप बंद करून ते उलटं करावं. घशात खडा अडकलेला असतो, नाहीतर आतला रबरी पडदा चिरलेला. पडदा बोटांनी हलका ताणून उजेडासमोर धरा, चीर लगेच दिसते.