निस्सय : पालि साहित्यातील व्यापारी भागीदारीचा विचार

पालि साहित्यात केवळ वैराग्य आणि निर्वाण यांचाच विचार आहे, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः तिपिटक आणि अट्ठकथा यांत व्यापाऱ्यांची वर्दळ मोठी आहे. बोधिप्राप्तीनंतर तथागतांना आहारदान करणारे तपस्सु व भल्लिक हे व्यापारी होते. जेतवनाचा दाता अनाथपिण्डिक हा श्रावस्तीचा श्रेष्ठी होता. ज्या समाजात तांडे दूरदूरच्या जनपदांत माल घेऊन जात, तेथे भांडवल कोणी घालावे, नफा कसा वाटावा, विश्वास कोणावर ठेवावा, हे प्रश्न नित्याचेच होते. त्यांची पालि साहित्यातून मिळणारी उत्तरे आणि आजच्या बौद्ध समाजासाठी त्यांचे प्रयोजन यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात पापणिक, म्हणजे दुकानदार, याच्या तीन गुणांचे वर्णन आहे. उपदेश भिक्खूंना आहे, दुकानदार हा दृष्टान्त आहे. परंतु तो प्रत्यक्ष व्यवहारातून घेतलेला आहे. पहिला गुण ‘चक्खुमा’ : कोणता माल किती किमतीला घेतला, किती किमतीला विकला तर मूळ किती व लाभ किती, हे ज्याला दिसते तो. दुसरा ‘विधुर’ : खरेदीविक्रीत कुशल असलेला. तिसरा गुण ‘निस्सयसम्पन्न’ हा होय. ‘निस्सय’ म्हणजे आधार, आश्रय. धनिक गृहपती अशा दुकानदाराला ओळखतात. हा कुशल आहे, कुटुंबाचे पोषण करील आणि आपला वाटाही वेळोवेळी देईल, अशी त्यांची खात्री असते. म्हणून ते आपण होऊन त्याच्यापुढे धन ठेवतात. एकाचे धन आणि दुसऱ्याचे कौशल्य यांच्या भागीदारीचेच हे वर्णन आहे. येथे वेळेवर वाटा देण्याची ख्याती भांडवलाच्या आधी येते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भागीदारी बिघडते कशी, याचे उत्तर कूटवाणिज जातकात मिळते. पूर्वजन्माची चौकट बाजूला ठेवली तरी कथेचा बोध कायम राहतो. वाराणसीत ‘पण्डित’ आणि ‘अतिपण्डित’ नावाचे दोन व्यापारी भागीदारीत व्यापार करीत. पाचशे गाड्या माल जनपदात विकून ते परतले. वाटणीच्या वेळी अतिपण्डिताने दोन हिस्से मागितले. कारण काय, तर त्याचे नाव मोठे! मालाचे मूल्य, बैल आणि गाड्या यांत दोघांचा वाटा समान आहे, हे पण्डिताने दाखवून दिले. तरी वाद मिटेना. तेव्हा अतिपण्डिताने आपल्या पित्याला झाडाच्या ढोलीत लपविले आणि वृक्षदेवतेकडून निवाडा मागितला. ढोलीतून अपेक्षित निवाडा आला. पण्डिताने गवत गोळा करून बुंध्याशी आग लावली. अर्धवट भाजलेला पिता फांदीला लोंबकळून खाली पडला आणि कपट उघडे झाले. अखेर वाटणी समान झाली.

पण्डिताने देवतेच्या वाणीपुढे मान तुकवली नाही, तिची परीक्षा घेतली. हा कथेचा बुद्धिवादी गाभा होय. परंतु व्यापाराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. या दोघांनी प्रवासाला निघण्यापूर्वी हिश्श्याचा करार केल्याचा उल्लेख कथेत नाही. बोलणी सुरू झाली ती नफा हाती आल्यावर, आणि तेथेच लोभाला वाव मिळाला.

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ हीच उणीव भरून काढतो. करारात अन्यथा ठरले नसेल तर सर्व भागीदारांचा नफ्यात व तोट्यात समान वाटा असतो, प्रत्येकाला हिशेबाच्या वह्या पाहण्याचा अधिकार असतो, आणि परस्परांशी प्रामाणिक राहून खरा हिशेब देणे हे त्यांचे कर्तव्य ठरते. त्याचबरोबर संस्थेच्या कृत्यांसाठी व कर्जासाठी प्रत्येक भागीदार व्यक्तिशः संपूर्ण जबाबदार असतो.

ही शेवटची तरतूद आपल्या समाजाने विशेष ध्यानात ठेवावी. केंद्र शासनाच्या २०१२ च्या सूक्ष्म व लघुउद्योग खरेदी धोरणानुसार केंद्रीय खात्यांच्या व उपक्रमांच्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून करण्याचे लक्ष्य आहे. भागीदारी संस्थेत अशा भागीदारांचा हिस्सा किमान ५१ टक्के असावा लागतो. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींचा दर्जा मिळाल्याने ही संधी त्यांनाही आहे. परंतु संधीबरोबर सापळाही येतो. कागदावर ५१ टक्के आपल्या तरुणाचे, प्रत्यक्षात दुकान, खाते आणि धनादेशपुस्तिका दुसऱ्याच्या हाती, आणि नावाच्या मोबदल्यात महिन्याकाठी ठरावीक रक्कम, असे प्रकार घडतात. अतिपण्डिताने नावावर दोन हिस्से मागितले; येथे दुसऱ्याचे नाव वापरून त्याचा हिस्सा गिळला जातो. लाभ त्याचा आणि कर्जाची वसुली मात्र सहीवाल्याकडून! अशी भागीदारी शासनाची आणि स्वतःची, दोघांचीही फसवणूक आहे.

म्हणून काही गोष्टी आरंभीच ठरवाव्यात. भांडवल कोणाचे किती, श्रम कोणाचे किती, हिस्सा कोणत्या प्रमाणात, हे करारपत्रात लिहावे आणि संस्थेची नोंदणी करावी. नोंदणी नसेल तर करारातील हक्क न्यायालयात बजावणे कठीण होते. बँक खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. हिशेब दरमहा दोघांनी मिळून तपासावा. कोणाला बाहेर पडावयाचे झाल्यास वाटणी कशी होईल, हेही आधीच लिहून ठेवावे. नातलग आहे, शेजारी आहे, चळवळीतला आहे, म्हणून लिखापढी टाळू नये. स्नेह टिकावा म्हणूनच ती करावी.

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने धनाचे चार भाग करून दोन व्यवसायात घालावेत आणि एक संकटकाळासाठी राखावा, असे सांगितले आहे. भागीदारांनीही नफा हाती येताच तो सर्व वाटून न घेता याच प्रमाणात विभागला, तर पहिल्या मंदीतच संस्था मोडणार नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या व्यापारापासून दूर ठेवले गेले, त्याच्याकडे वडिलोपार्जित पेढ्या नाहीत. त्याने प्रथम उभा करावयाचा तो निस्सय, आणि तो खऱ्या हिशेबातून व वेळेवर दिलेल्या वाट्यातूनच उभा राहतो.