जुन्या छायाचित्रांतील सुखना

प्रवासात टिपलेली पक्ष्यांची व डोंगरांची जुनी छायाचित्रे पुन्हा न्याहाळताना, डोंगर तेव्हा डोळ्यांना इतके फिके दिसले नव्हते अशी जी तक्रार छायाचित्रकार करतात, ती सर्वस्वी रास्त आहे. आणि चंडीगडच्या सुखना सरोवराच्या काठावरून शिवालिकच्या रांगा ज्यांनी फिल्मवर घेतल्या, त्यांना तिचा प्रत्यय हमखास येतो. हवेतील रेणू आखूड तरंगलांबीचा प्रकाश अधिक विखुरतात. 400 नॅनोमीटरचा जांभळा किरण 700 नॅनोमीटरच्या तांबड्याच्या सुमारे नऊपट विखुरला जातो. त्याहूनही आखूड असे अतिनील किरण मानवी नेत्रास अगोचर, परंतु फिल्मवरील रौप्यक्षारांना ते गोचर असल्यामुळे, जे धूसरपण आपण पाहिलेच नाही त्याचीही नोंद फिल्मच्या दप्तरी होऊन जाते. भिंगापुढे अतिनील फिल्टर बसविण्याचा प्रघात पडला तो याचसाठी.

फिकेपणाचा हा दोष पत्करूनही ही चित्रे जपावीत. 1958 मध्ये सुखना चो या हंगामी ओढ्यास बांध घालून निर्मिलेले हे सरोवर शिवालिकच्या ठिसूळ मातीच्या गाळाने उथळ होत गेले. तेव्हा डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणाऱ्या, हिवाळी पाहुण्या पट्टकादंबांच्या पाठीमागे जुन्या चित्रात पाणी आहे की गवत, एवढ्या तपशिलावरूनही त्या काळचा किनारा अजमावता येतो. (चित्र कितीही देखणे असो, तारखेवाचून असला पुरावा निकामी.) वाचकांनी आपल्या स्लाइडींच्या पुठ्ठ्यांवर स्थळ, महिना व वर्ष आठवेल तसे आजच लिहून ठेवावे, शाई मात्र पाण्याने पुसली जाणारी नसावी.