दोन व्होल्टची सहा घरं

ज्याला आपण शिसपेन्सिल म्हणतो, तिच्यात शिसं नसतं, ग्राफाइट असतं. शब्द असे फसवतात! खरं शिसं असतं ते रिक्षाच्या, मोटारीच्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत. भारनियमनाच्या काळात ही जड पेटी घराघरांत आली. चिंचवडला तर तिचा कारखानाच आहे. तरी तिच्या पोटात काय चालतं, याचा आपण क्वचितच विचार करतो.

१८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं शिशाचे दोन पत्रे, एकमेकांना टेकू न देता, सौम्य गंधकाम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी तयार झाली. आजची रचना मुळात तीच आहे. शिशाच्या जाळीत लेप भरून पट्ट्या करतात. धन पट्टी तपकिरी, ती लेड डायऑक्साइडची. ऋण पट्टी करडी, सच्छिद्र शिशाची. दोघींमध्ये बारीक छिद्रांचा पडदा असतो. तो फाटला, की पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि ते घर कामातून जातं.

असं प्रत्येक घर, म्हणजे सेल, सुमारे दोन व्होल्ट देतो. पट्ट्या मोठ्या केल्या तरी व्होल्ट दोनच. वीज मात्र जास्त वेळ पुरते. सहा घरं ओळीनं जोडली, की बारा व्होल्ट होतात.

वीज वापरताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं, ॲसिड खर्ची पडतं आणि पाणी तयार होतं. म्हणून मेकॅनिक हायड्रोमीटर बुडवून बघतो. भरलेल्या बॅटरीत आकडा १.२८च्या आसपास असतो, उतरलेल्या बॅटरीत १.१२पर्यंत खाली येतो. चार्जिंगमध्ये हीच क्रिया उलटी होते. पण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर सल्फेटचे खडे कडक होतात आणि ती पुन्हा नीट भरत नाही.

आता जोडणी. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या घ्या. एकीचं धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडलं, तर २४ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर. धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडलं, तर १२ व्होल्ट, ३०० अँपिअर-अवर. कोणती जोडणी हवी, ते इन्व्हर्टरवर लिहिलेलं असतं. जुनी-नवी बॅटरी एकत्र जोडू नये. दुबळी बॅटरी दुसरीलाही ओढते. मोटारीची बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडवावं, बसवताना ते शेवटी जोडावं. गाडीची बॉडी बहुधा ऋण टोकाला जोडलेली असते. धन टोक आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगीच उडेल. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून खिडकी उघडी हवी आणि काडी पेटवायची नाही. वर घालायचं पाणी डिस्टिल्डच हवं, नळाचं नाही.

आणि जुनी बॅटरी? तिच्यातलं शिसं वितळवून पुन्हा वापरता येतं. पण ते उघड्यावर वितळवलं, तर धूर आणि धूळ मुलं खेळतात त्या मातीत उतरते. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच नाही. २००१च्या नियमांनी विक्रेत्यांना जुन्या बॅटऱ्या परत घ्यायला सांगितलं, २०२२च्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तेव्हा भंगारवाल्याकडून चार पैसे जास्त मिळाले, तरी बॅटरी त्याला देऊ नका. ॲसिड गटारात न ओतता ती दुकानदाराकडे परत द्या. आपल्या घरातल्या उजेडाची किंमत दुसऱ्याच्या लेकरानं का मोजावी?